आधी कपाट बघा

माझा नवरा चोर आहे, हे कंपनीच्या कॉम्प्युटरने साहेबाला सांगितलं, साहेबाने फौजदाराला सांगितलं, आणि फौजदाराने भर दुपारी आमच्या वस्तीच्या तोंडाशी जीप उभी करून सगळ्या जगाला सांगितलं. मी तेव्हा पुऱ्या तळत होते. झारा हातात तसाच घेऊन मी बाहेर आले आणि म्हणाले, "काय नेलं म्हणता यांनी? अहो, हा माणूस दुसऱ्याच्या पेटीतली काडी घेताना दोनदा विचारतो!" फौजदार झाऱ्याकडे बघत दोन पावलं मागे सरकला. त्या दिवशीचं समाधान काय ते एवढंच.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही पिंपरीत राहायचो, रुळांच्या अलीकडे, दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत संसार आणि मागच्या खोलीत माझी चूल. मी कंपन्यांत डबे द्यायची. आमचे हे एका मोठ्या कंपनीत टूल स्टोअरला होते. कंपनीचं नाव सांगत नाही. ती कधीच बंद पडली, आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. कामगार सकाळी हत्यार घेऊन जायचे, शिफ्ट सुटताना परत आणून द्यायचे, आणि हे ते पुसून, मोजून, लिहून कपाटात ठेवायचे. मोजणं हा यांचा श्वास. मागच्या खोलीत मी यांना पाऊल टाकू देत नसे, कारण आले की वाट्या मोजायला लागायचे आणि माझी भाजी करपायची.

म्हणूनच वस्तीने विहाराच्या भांड्यांची किल्ली यांच्याकडे दिली होती. मोठाली पातेली, पराती, झारे, पेले, सगळं लोकांनी दान दिलेलं. लग्न असो, पौर्णिमा असो, भांडी त्या कपाटातून निघायची आणि परत तिथेच जायची. नवरीची पाठवणी चालू असायची, बायका डोळे पुसत असायच्या, आणि हे मांडवामागे पेले मोजत उभे. लोक हसायचे, पण किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही. यांना कसलंही व्यसन नव्हतं, कसलीही हौस नव्हती. ती किल्ली कमरेला असली की हा माणूस जरा ताठ चालायचा, बस्स.

कंपनीत कॉम्प्युटर आला तेव्हा काय ते कौतुक! त्याला स्वतंत्र खोली, खोलीला गारवा. आमच्या माणसांना भट्टीपाशी पंखा नाही आणि त्या पेटाऱ्याला थंडी! आत जाताना मोठमोठे साहेब चपला बाहेर काढायचे. हत्यार परत आलं की हे चिठ्ठी लिहायचे, त्या चिठ्ठीवरून पंचिंगच्या मुली एक भोकाभोकांचं कार्ड मारायच्या, पोस्टकार्डापेक्षा जरा लांब. मशीन ती कार्डं वाचायचं आणि गाडाभर लांबलचक कागद छापायचं. त्या कागदावर आलं ते खरं, बाकी सगळी माया.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बारा मायक्रोमीटर दुरुस्त होऊन आले. मायक्रोमीटर म्हणजे जाडी मोजायचं तळहाताएवढं नाजूक हत्यार, प्रत्येकाला लाकडाची पेटी, आतून मखमल. यांनी ते एक ते बारा नंबर बघून कपाटात ठेवले, बारा चिठ्ठ्या दिल्या आणि रजा टाकून नागपूरला गेले. दसरा म्हणजे आमचा धम्माचा दिवस, यांनी कधी चुकवला नाही. कंपनीत नवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा झाली. हे नव्हते.

महिन्याभराने साहेबाने यांना बोलावलं. साहेब नवा, मुंबईहून आलेला, चिंचवडला एकटा राहायचा. माझाच डबा खायचा आणि भरल्या वांग्यांच्या दिवशी डब्यात चिठ्ठी टाकायचा, 'उत्तम'. माणूस वाईट नव्हता, असं मी आज म्हणते. तेव्हा काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"सहा मायक्रोमीटर कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"कपाटात," हे म्हणाले. "सहा नाही, बारा."

"कॉम्प्युटर म्हणतो सहाच परत आलेत."

"चला, दाखवतो."

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दोन माणसं साक्षीला घेऊन साहेब आला. कपाट उघडलं. बारा पेट्या, बारा मायक्रोमीटर. कुणालाही वाटेल, संपलं. छे! साहेब म्हणाला, "म्हणजे काल विचारल्यावर घाबरून रातोरात परत आणून ठेवलेत." आता काय बोलायचं? नसते तरी चोर, आहेत तरी चोर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चोरी झाली आणि मालही सापडला, असं लिहून साहेबाने कागद पोलिसात दिला आणि यांना घरी बसवलं.

दोन दिवसांनी हे जामिनावर सुटून आले, हातपाय धुतले, आणि किल्ली घेऊन विहाराचं बघणाऱ्या तात्यांकडे गेले. तात्या म्हणाले, "अरे, असू दे तुझ्याकडंच. तुला कुनी मागितली?"

"नको तात्या. केस मिटेपर्यंत नको."

कुणी मागितली नव्हती, तरी दिली. आमच्या लोकांना चोरीचा आळ किती पटकन चिकटतो आणि किती उशिरा निघतो, हे यांना चांगलं ठाऊक होतं. जीप आली तेव्हा मी रडले नव्हते. यांच्या कमरेला ती किल्ली दिसेना, तेव्हा रडले.

पण खोटं कशाला बोलू, कोर्टाच्या तारखांचे दिवस मला गोडच आठवतात. युनियनने वकील दिला होता. तारखेला आम्ही दोघं लोकलने पुण्याला जायचो, तारीख पडायची, पुढची तारीख घ्यायचो, आणि येताना बागेत बसून भेळ खायचो. लग्नाला दहा वर्षं झाली होती, एवढं हिंडणं कधी झालं नव्हतं. मी एकदा म्हटलंही, "अहो, आरोपी असलात म्हणून काय झालं, आणखी एक प्लेट घ्या की." हे हसले. त्या सगळ्या काळात हे हसले की मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं.

तिथेच बाकावर मी पहिल्यांदा चोरीच्या मालाची यादी नीट वाचली. सातवीपर्यंत शिकलेय मी, आकडे मला कळतात. गेलेले नंबर होते दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा. पुढच्या तारखेला मी वकिलाला म्हटलं, "वकीलसाहेब, हा कसला हो चोर? एक सोडून एक चोरतो? कबड्डीचे गडी वाटतोय का?" वकील म्हणाला, "ताई, मुद्दा चांगला आहे, पण पुरावा नाही." तो पुढे म्हणाला की आपल्याला काही सिद्ध करायचं नाही, त्यांनाच सिद्ध करता येणार नाही. आणि झालंही तसंच. निकाल लागला, संशयाचा फायदा मिळून हे सुटले.

वस्तीत पेढे वाटायला निघाले लोक. मी म्हटलं, थांबा. संशय आमच्यावर, फायदाही आम्हालाच, वा रे वा! म्हणजे संशय राहिलाच ना? कंपनीने यांना परत घेतलं, पण स्टोअरला नाही, पॅकिंगला. जिथे कुलूपकिल्लीचा संबंध नाही तिथे. तात्या स्वतः किल्ली घेऊन घरी आले, तर यांनी हात मागे घेतले. "तात्या, मी चोर नाही असं कुठं लिहिलंय? लिहून येईल तेव्हा घेईन." आणि पॅकिंगला जाऊन हा माणूस खोक्यांना पट्ट्या मारत बसला.

"कोण लिहून देणार तुम्हाला? आभाळातून पत्र येणार?" मी चिडून विचारलं.

"नाही आलं तर नाही आलं," हे म्हणाले. यांचा हा एक शांतपणा होता, त्याने माझं डोकं फिरायचं. मी ठरवलं, हे लिहून आणीन तरच नावाची.

आता त्या कार्डांचं. कंपनीत वापरून झालेली कार्डं रद्दीत जायची. पंचिंगची एक मुलगी माझ्याकडे डबा खायची, ती मला ती गठ्ठ्याने आणून द्यायची. जाड, गुळगुळीत कार्ड. कुठला डबा कुठल्या खात्यात, कुठल्या शिफ्टला, ते लिहून डब्याच्या कडीत अडकवायला एकदम झकास. निकालानंतरच्या दिवाळीआधी तिने टेबलाचे खण साफ केले आणि मोठा गठ्ठा आणला. मी भाजी चिरून झाल्यावर एकेक कार्ड काढून लिहायला बसले, तर मधेच सहा कार्डं निघाली, रबरात बांधलेली. प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं, आणि एकाला झेंडूची वाळलेली पाकळी चिकटलेली.

"हे गं काय? कार्डाचं हळदीकुंकू केलंस?"

ती लाजली. "काकू, ती नवमीच्या पूजेची. मशीनपुढे मी त्या दिवशीच्या बारा कार्डांचं सूर्यासारखं गोल मांडलं होतं. एका कार्डाला फूल, एकाला हळदीकुंकू, एकाला फूल, एकाला हळदीकुंकू. काय सुंदर दिसत होतं! साहेबांनी पण वाखाणलं."

मी लेखणी खाली ठेवली. "आणि मग?"

"फुलाची कार्डं झटकून मशीनला घातली. कुंकवाची कशी घालायची? पूजेची ती. आणि मशीनने कुंकू खाल्लं म्हणजे? म्हणून ती बाजूला ठेवली, नवी मारून घालू म्हणून. मग दसरा आला, मग सुट्टी आली, मग..."

कार्डाच्या वरच्या काठाला बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी डोळे बारीक करून वाचलं. परत, मायक्रोमीटर, दोन. परत, मायक्रोमीटर, चार. एक सोडून एक! रांगोळी काढणाऱ्या कुठल्याही बाईने हे पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. पण कंपनीत यादी वाचणाऱ्यांत बाई कुठे होती?

पोरगी ढसाढसा रडायला लागली. तिला ती कार्डं म्हणजे नुसती भोकं, त्यातलं नशीब कुणाचं ते तिला काय माहीत. "काकू, माझी नोकरी जाईल." मी तिला जवळ घेतलं, पाणी दिलं. खरं सांगू? क्षणभर तिच्या दोन मुस्काटात द्याव्या असंही वाटलं. पण मग वाटलं, ही सहा कार्डं विसरली, ती चूक पैशाएवढी. साहेबाने कपाट बघायला उद्याची वाट पाहिली, आणि बघूनही पाहिलं नाही, ती चूक परातीएवढी. मोठी चूक सोडून छोटीला का धरायचं?

मी उठले ती तशीच कंपनीच्या गेटवर. जाता जाता चुलीवरची कढई उतरवली होती, म्हणून पुन्हा झारा हातातच. वॉचमन म्हणाला, "मावशी, झारा बाहेर ठेवा." म्हटलं, "का? कॉम्प्युटरने सांगितलंय का मी मारते म्हणून?" तो हसत बाजूला झाला. साहेबापुढे मी ती सहा कार्डं मांडली, पण पोरीचं नाव काढलं नाही. ती उलटीपालटी करून बघता बघता त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "कॉम्प्युटर चुकला नाही. त्याला जे दिलं ते त्याने सांगितलं."

"बरोबर," मी म्हटलं. "आणि फौजदाराला कुणी दिलं?"

"केस संपलीय आता, वहिनी."

"तुमची संपलीय. आम्हाला लिहून द्या."

असं लिहून देता येत नाही, मुंबई ऑफिसला विचारावं लागतं, तसा नमुनाच नाही, असं सगळं त्याने सांगितलं. मी म्हटलं, ठीक आहे. लोक म्हणाले, साहेबाचा डबा बंद कर. मुळीच नाही! उपाशी माणसाला न्याय काय कळणार? त्या दिवसापासून मी प्रत्येक डब्यात पोळ्यांवर एक रद्दीचं कार्ड ठेवायला लागले. त्यावर फक्त तीन शब्द. आधी कपाट बघा.

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं काही जाहिरात आहे. दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये नुसता गोंधळ. एकाचं मीठ सापडेना, सगळे ओरडले, "आधी कपाट बघा!" एकाची सायकल दिसेना, "आधी कपाट बघा, राव!" कामगारांनी ती कार्डं खिशाला अडकवली, आणि तपासायला येणाऱ्या साहेबाला रोज शंभर खिशांवर तेच वाचायला मिळे. साहेबाच्या डब्यात तर भरली वांगी आणि वर कार्ड, नेमाने. डबा रिकामा यायचा, पण चिठ्ठी यायची बंद झाली. आमचे हे पॅकिंगमध्ये मान खाली घालून पट्ट्या मारायचे आणि घरी आल्यावर म्हणायचे, "अगं, आता पुरे." पण मिशीत हसायचे, मी बघितलंय.

दहा-बारा दिवसांनी कंपनीच्या मोठ्या मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं. आमचा साहेब होता, युनियनचा माणूस होता. मी कार्डांची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात दार ढकलून ती पंचिंगची पोरगी आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "ती कार्डं मी बाजूला ठेवली होती. चूक माझी." आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मॅनेजरने साहेबाकडे बघितलं, साहेबाने टेबलाकडे. आणि हे, जे कोर्टातसुद्धा हो-नाहीपलीकडे बोलले नाहीत, ते म्हणाले, "साहेब, एवढीशी पोर बोलली. तिच्या नोकरीला हात लावू नका. मला बाकी काही नको."

साहेब लिहायला बसला. पहिल्या कागदावर होतं, झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे. मी म्हटलं, "गैरसोय नळाला पाणी नाही आलं की होते." दुसऱ्यावर होतं, काही तांत्रिक कारणामुळे. "तांत्रिक कारणाने जीप बोलावली का?" मॅनेजर खोकल्याचं निमित्त करून हसत होता. तिसऱ्या कागदाला साहेबाची लेखणी बराच वेळ अधांतरी राहिली. मला त्याचा राग आला, एवढं काय जड जातंय! शेवटी त्याने लिहिलं, बाराही मायक्रोमीटर कपाटात होते. मी ते न बघता आणि बघूनही न मानता तक्रार केली. यांनी चोरी केली नव्हती. चूक माझी. खाली सही.

तो कागद त्याच बोर्डावर लागला जिथे यांना घरी बसवल्याची नोटीस लागली होती. एक प्रत घेऊन मी चौकीवर गेले. फौजदार म्हणाला, "बाई, केस निकालात निघाली, आता मी याचं काय करू?" म्हटलं, "पोचल्याचा शिक्का मारा. चोर म्हणून नेताना कागदावर शिक्के होते, आता का नाही?" बिचाऱ्याने एक सोडून तीन शिक्के मारले. यांना स्टोअर परत मिळालं, पोरीची नोकरी राहिली, आणि शनिवारच्या रिकाम्या डब्यात पुन्हा चिठ्ठी आली, 'उत्तम'.

पुढच्या पौर्णिमेला विहारात सगळ्या वस्तीचं जेवण होतं. तात्यांनी लोकांसमोर यांच्या हातात किल्ली दिली. यांनी ती कमरेला लावली, आणि हा माणूस दोन बोटं उंच झाला, खोटं सांगत नाही. टाळ्या झाल्या. आणि मग हे रजिस्टर काढून भांडी मोजायला बसले, दुसरं काय!

पातेली बरोबर. पराती बरोबर. पेले दोन जास्तच, कुणाचे तरी आलेले. मोठा झारा एक कमी.

"जाऊ दे रे," तात्या म्हणाले. "एवढ्या दिवसांत नेला आसंल कुनीतरी."

"नेला असं कसं म्हणायचं तात्या? आधी कपाट बघू." सगळे हसले. कपाट पुन्हा रिकामं केलं, मागे बघितलं, वर बघितलं. झारा नाही. मी तिकडे चुलीवर पुऱ्यांचा घाणा काढत होते. हे वाकून वाकून शोधत माझ्यापर्यंत आले आणि थांबले. माझ्या हाताकडे बघत राहिले.

"तो दे बरं इकडे."

मी झारा दिला. यांनी दांडा पदराने, माझ्याच पदराने, पुसला. काजळी निघाली आणि खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं विहाराचं नाव दिसलं. जीप यायच्या चार दिवस आधी मला पुऱ्यांची मोठी ऑर्डर होती. हे कामावर होते. खुंटीवरची किल्ली घेऊन मीच कपाट उघडलं होतं, रजिस्टरात लिहिलं नव्हतं, उद्या ठेवू परत म्हणून. मग जीप आली, किल्ली गेली, आणि झारा माझ्या चुलीचाच झाला. तोच झारा मी फौजदाराला दाखवला, तोच घेऊन साहेबाच्या टेबलापुढे उभी राहिले!

बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तात्या डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "आता गं बाई?" हे हसले नाहीत. यांनी खिशातून एक कार्ड काढलं, तेच, माझ्या डब्यातलं, कोरी बाजू वर करून माझ्यापुढे धरलं आणि पेन दिलं.

मी लिहिलं, झारा माझ्या घरी होता. न सांगता नेला होता. आणि तिथे माझा हात अडला. दोनच शब्द उरले होते. तेल तापून धुरावलं, कुणीतरी कढई उतरवली, तरी ते दोन शब्द माझ्याच्याने उतरेनात. तेव्हा मला साहेबाची ती अधांतरी लेखणी आठवली आणि त्या पोरीचं भिंतीला टेकणं आठवलं. पोरीने ते एका दमात म्हटलं होतं, नोकरी पणाला लावून. शेवटी लिहिलं. चूक माझी.

यांनी कार्ड वाचलं, रजिस्टरात ठेवलं, झाऱ्यापुढे 'परत' असं लिहिलं आणि झारा मला दिला, पुऱ्या व्हायच्या होत्या म्हणून.

"झालं," हे म्हणाले. "एवढ्यासाठी जीप कशाला लागते?"